१९३० च्या जर्मन यंग लोनचा जुना बाँड, फ्रेमसकट: घ्यावा का?

मार्चमध्ये मुलाकडे फ्रँकफर्टला गेले होते, तिथं माइन नदीच्या काठाला शनिवारी जुन्यापान्या वस्तूंचा बाजार भरतो, घड्याळं, लष्करी बिल्ले, पोस्टकार्डं, तांब्याची भांडी, काय म्हणाल ते. एका टेबलावर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जुनी शेअर सर्टिफिकेटं आणि बाँड लावून ठेवले होते, मी तिथंच थांबले. मुलगा म्हणतोय आई चल, पुढं अजून बरंच आहे, पण मी काही हलले नाही. तेवीस वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा वसुलीत, कर्जाचा कागद दिसला की हात आपोआप तिकडं जातो.

घेतला तो हा. जर्मन सरकारचं १९३० चं आंतरराष्ट्रीय कर्ज, व्याज साडेपाच टक्के, फ्रान्समध्ये विकला गेलेला हजार फ्रँकचा बाँड. सगळे याला यंग लोन म्हणतात, कारण ज्या कमिटीनं हे ठरवलं तिचा अध्यक्ष ओवेन यंग नावाचा अमेरिकन उद्योगपती होता. बाँडचे ३५ युरो आणि फ्रेमचे २० वेगळे. वर्ष होऊन गेलं, कोल्हापूरच्या घरात हॉलमध्ये लावलाय, येणारा प्रत्येक माणूस विचारतो हे काय, दोघातिघांनी तर आम्हालाही मागवून दे म्हणून सांगितलंय, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी वस्तूबद्दल. कागद अजून कडक आहे, चौऱ्याण्णव-पंच्याण्णव वर्षांचा वाटत नाही. भोवती बारीक नक्षीची चौकट, मध्ये फ्रेंचमध्ये मजकूर, बाँड नंबर, आणि खाली व्याजाची कुपनं. ही कुपनंच बघण्यासारखी आहेत. आपल्याकडं आता व्याज खात्यात जमा होतं आणि मेसेज येतो, पण तेव्हा दर सहा महिन्यांनी, १ जूनला आणि १ डिसेंबरला, बाँडधारकानं स्वतः कात्री घेऊन त्या तारखेचं कुपन कापायचं, बँकेत द्यायचं आणि पैसे घ्यायचे. हजाराचे साडेपाच टक्के म्हणजे वर्षाला ५५, सहामाहीला साडेसत्तावीस फ्रँक. माझ्या बाँडची कुपनं १ जून १९३९ पर्यंत कापलेली आहेत. कापणाऱ्याचा हात चांगला स्थिर असणार, कडा एका रेषेत आहेत, फक्त शेवटच्या दोन कुपनांना कात्री थोडी तिरकी गेलीय. आणि १ डिसेंबर १९३९ चं कुपन जागेवर आहे. त्याच्या पुढची पण सगळी जागेवर. सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झालं होतं. ज्या घरात हा कागद होता त्या घराचं पुढं काय झालं असेल हे मला माहीत नाही आणि कळायला मार्गही नाही, पण ते डिसेंबरचं कुपन बघितलं की मला दर वेळी पोटात कसंतरी होतं.

आता हे कर्ज होतं कशाचं. पहिलं महायुद्ध हरल्यावर १९१९ ला व्हर्सायचा तह झाला, त्यात जर्मनीनं नुकसानभरपाई द्यायची हे ठरलं पण किती ते नाही ठरलं. कर्जाच्या कागदावर रकमेची जागा मोकळी ठेवून सही घ्यायची असा हा प्रकार. मग १९२१ च्या मे महिन्यात लंडनमध्ये आकडा लागला, १३२ अब्ज सोन्याचे मार्क. त्यातले ८२ अब्ज ज्या बाँडांमध्ये टाकले होते ते खरोखर वसूल होतील असं देणाऱ्या-घेणाऱ्यांपैकी फारसं कुणी धरून चाललं नव्हतं, आपापल्या देशातल्या लोकांना मोठा आकडा दाखवायचा होता म्हणून ते ठेवले. खरी मागणी ५० अब्जांची. वसुली खात्यात काम केलेल्या माणसाला हे लगेच कळतं, वहीत फुगवून ठेवलेलं येणं कुणाच्याच कामाचं नसतं, उलट कर्जदार पहिल्या दिवसापासून हात वर करायची तयारी करतो.

हप्ते थकले. जानेवारी १९२३ ला फ्रान्स आणि बेल्जियमनं सरळ सैन्य घालून रूरचा भाग ताब्यात घेतला. रूर म्हणजे जर्मनीचा कोळसा आणि पोलाद. कामगारांनी काम थांबवलं, सरकारनं त्यांचा पगार नोटा छापून दिला, आणि नोव्हेंबर १९२३ पर्यंत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजायची वेळ आली.

हे वाचताना मला इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला आठवतो. आमच्या बँकेचं कर्ज, बारा माग तारण, तीन हप्ते थकलेले. वरून आदेश आला माग उचला. मी पंचनाम्याला गेले, शेड बंद, माग गार पडलेले, तो माणूस म्हणाला बाई घेऊन जावा, पण मग मी हप्ता कशातनं देऊ ते तेवढं सांगून जावा. मी माघारी आले आणि साहेबांशी भांडले. तरी सहा माग उचललेच, भंगाराच्या भावात गेले, आणि उरलेलं कर्ज अजून बुडीत म्हणून पडलंय असं ऐकते. तो प्रश्न मी विसरले नाही. या बाँडमागचा सगळा तीसेक वर्षांचा इतिहास मला त्याच एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो, की ज्याच्याकडून घ्यायचंय त्याला कमवू द्यायचं का नाही.

तर १९२४ ला चार्ल्स डॉज या अमेरिकन बँकरच्या कमिटीची योजना आली, डॉज योजना, हप्ते हलके केले, जर्मनीला ८० कोटी मार्कांचं परदेशी कर्ज उभारून दिलं, त्याचे पण असेच बाँड निघाले, सात टक्क्यांचे. पाच वर्षं बरी गेली. मग फेब्रुवारी ते जून १९२९ पॅरिसच्या जॉर्ज द फिफ्थ हॉटेलात यंग कमिटी बसली. चार महिने! जर्मनीकडून तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, राइशबँकेचा गव्हर्नर शाख्त, समोर फ्रान्स, ब्रिटन, इटली, बेल्जियम, जपान, आणि अमेरिकेचे लोक 'खासगी तज्ज्ञ' म्हणून, कारण अमेरिकन सरकारची अधिकृत भूमिका अशी होती की नुकसानभरपाई आणि मित्रराष्ट्रांनी आमच्याकडून घेतलेली कर्जं यांचा काही संबंध नाही. संबंध तर पुरेपूर होता. ब्रिटन-फ्रान्सनी युद्धासाठी अमेरिकेकडून कर्ज घेतलेलं, ते फेडायला पैसे जर्मनीकडून येणार, आणि जर्मनीकडं पैसे अमेरिकन कर्जातून येणार. यंग योजनेत हप्ते १९८८ पर्यंत लावले होते, म्हणजे १९२९ ला पाळण्यात असलेलं पोर साठीला टेकेपर्यंत. आणि त्यातली शेवटची २२ वर्षं जर्मनीचा हप्ता बरोबर तेवढा, जेवढा मित्रराष्ट्रांना अमेरिकेला द्यायचा होता. कागदावर संबंध नाही म्हणायचं आणि आकडा मात्र जुळवून घ्यायचा.

माझा बाँड इथला. योजनेसोबत ३० कोटी डॉलरचं कर्ज उभारलं, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, हॉलंड, बेल्जियम, स्वीडन, स्वित्झर्लंड, इटली आणि खुद्द जर्मनी अशा नऊ देशांत विकलं. दोन तृतीयांश पैसा थेट येणेकरी सरकारांना, एक तृतीयांश जर्मनीच्या रेल्वे आणि पोस्टाला. म्हणजे फ्रेंच सरकारनं आपलं जर्मनीवरचं येणं आपल्याच नागरिकांना बाँड म्हणून विकून रोख पैसे करून घेतले. ही चाल नीट बघा. आता जर्मनी थकला तर तो सरकारला थकणार नव्हता, कुठल्यातरी गावातल्या शिक्षकाला, विधवेला, दुकानदाराला थकणार होता. माझ्या भिंतीवरची कुपनं असल्याच कुणीतरी कापलेली. हिशोब सांभाळायला स्वित्झर्लंडमध्ये बाझलला एक नवी बँक काढली, बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स, ती आजही आहे आणि जगातल्या सगळ्या मोठ्या मध्यवर्ती बँका तिच्या सभासद आहेत, पण जन्म तिचा या वसुलीसाठी झालाय.

यातला एक माणूस मला फार चटका लावतो, गुस्ताव श्ट्रेझमान, जर्मनीचा परराष्ट्रमंत्री. ऑगस्ट १९२९ ला हेगच्या परिषदेत आजारी असताना बसून त्यानं ही योजना पुढं रेटली, बदल्यात ऱ्हाइनलँडमधलं, म्हणजे जर्मनीच्या पश्चिम सीमेकडच्या भागातलं परकं सैन्य पाच वर्षं आधी हलवायचं कबूल करून घेतलं. आणि ३ ऑक्टोबर १९२९ ला गेला. ही तारीख लक्षात ठेवा, पुढं परत येणारे. तीन आठवड्यांत न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला.

पुढचं पटापट सांगते. जून १९३१ ला अमेरिकेचे अध्यक्ष हूवर यांनी एक वर्षाचं मोरेटोरियम दिलं, सगळ्यांचेच हप्ते थांबवले. १९३२ ला लोझानला परिषद भरली, तीन अब्ज मार्क शेवटचे द्या आणि विषय संपवा असं ठरलं, पण अमेरिका आपलं येणं सोडत नाही तोवर आम्ही कागद पक्का करणार नाही अशी अट मित्रराष्ट्रांनी आपसात घातली, आणि अमेरिकेनं सोडलं नाही. फ्रान्सनं डिसेंबर १९३२ ला अमेरिकेचा हप्ता चुकवला. ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री बाल्डविन यांनी १९२३ ला वॉशिंग्टनला जाऊन ४.६ अब्ज डॉलर ६२ वर्षांत फेडतो म्हणून कबूल केलेलं, तेही १९३४ ला थांबलं. फिनलंडनं मात्र आपलं छोटंसं कर्ज शेवटच्या डॉलरपर्यंत फेडलं, १९७६ पर्यंत, मला त्या देशाबद्दल तेव्हापासून एक वेगळाच आदर आहे. जर्मनीत हिटलर आला आणि परदेशी बाँडांची फेड मोडली, ज्या देशाशी व्यापारात गरज आहे त्याच्याशी वेगळा करार करायचा आणि बाकीच्यांना ताटकळत ठेवायचं.

आणि आता ज्याच्यासाठी हा बाँड मी घेतला ते. १९५३.

दुसरं महायुद्ध संपलं, देश बेचिराख, दोन तुकडे झालेले, आणि डोक्यावर दोन्हीकडची कर्जं, डॉज-यंगची जुनी आणि युद्धानंतर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्सनी दिलेली नवी मदत. एकूण तीसेक अब्ज मार्क. फेब्रुवारी १९५२ पासून लंडनमध्ये बोलणी चालली, जर्मनीकडून हेरमान आब्स नावाचा बँकर. माणूस धुतल्या तांदळासारखा नव्हता, नाझी काळात तो डॉइचे बँकेच्या संचालक मंडळावर होता, ते विसरून चालणार नाही. पण टेबलावर त्यानं काय मांडलं ते बघा. आम्ही सगळ्या जुन्या कर्जांची जबाबदारी मान्य करतो, हिटलरच्या आधीचीही, बुडवणार नाही, फक्त आम्हाला झेपेल असं लावून द्या. आणि समोरच्यांनी ते ऐकलं. २७ फेब्रुवारी १९५३ ला सही झाली तेव्हा देणं जवळपास निम्म्यावर आलं होतं, बऱ्याच कर्जांना पहिली पाच वर्षं नुसतं व्याज, मुद्दलाला हात नाही, व्याजदरही कमी केले.

पण माझ्या मते या करारातलं खरं सोनं वेगळंच आहे. फेड करायची ती निर्यातीतून आयात वजा जाऊन जे उरेल त्यातून व्हावी, नवीन कर्ज काढून नव्हे, हे तत्त्व करारात बसवलं. म्हणजे येणेकऱ्यांना आपले पैसे हवे असतील तर जर्मनीचा माल घेतला पाहिजे! यंत्रं घ्या, औषधं घ्या, मोटारी घ्या, त्यातून तुमचा हप्ता येईल. त्या मागवाल्याचा प्रश्न इथं कुणीतरी तीस वर्षं उशिरा का होईना समजून घेतला. बँकेत आम्ही वन टाइम सेटलमेंटची, म्हणजे सूट देऊन एकदाच हिशोब मिटवायची, कितीतरी प्रकरणं केली, सूट किती द्यायची यावरच सगळी डोकेफोड, कर्जदाराचा माल कुठं खपणार याची चौकशी कुणी केली नाही. मी सुद्धा केली नाही, ते मला आज सलतं.

कराराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुसऱ्या युद्धाच्या नुकसानभरपाईचा विषय त्यात पुढं ढकलला होता, अंतिम तोडगा निघेल तेव्हा बघू म्हणून. ग्रीसनं तर या करारावर येणेकरी म्हणून सही केलीय आणि त्यांच्या भरपाईच्या मागण्या आजही पडून आहेत. कारखान्यांत जबरदस्तीनं राबवलेल्या लोकांना काही मिळायला २००० साल उजाडलं, तेव्हा सरकार आणि कंपन्यांनी मिळून १० अब्ज मार्कांचा निधी केला, तोवर किती जण गेलेले होते. बँकांचं आणि बाँडधारकांचं आधी, राबलेल्यांचं शेवटी. हे बरोबर झालं असं मी कधीच म्हणणार नाही.

एक भाग त्या विक्रेत्यानं मला उभ्या उभ्या सांगितला आणि नंतर वाचून बघितला तर अगदी खरा निघाला. यंग लोन वेगवेगळ्या चलनांत होतं, तेव्हा कुणाचं चलन घसरलं तर बाँडधारकाचं नुकसान नको म्हणून १९५३ च्या करारात कलम घातलं, की सगळ्यांत कमी घसरलेल्या चलनाच्या हिशोबानं द्यायचं. करार इंग्रजी, फ्रेंच, जर्मन तिन्ही भाषांत, तिन्ही सारखेच अधिकृत. पुढं १९६१ आणि १९६९ ला जर्मन मार्कची किंमत सरकारनं वाढवली. मग प्रश्न आला, बाकीची चलनं मार्कच्या मानानं खाली गेली ती 'घसरली' म्हणायची का? इंग्रजी आणि फ्रेंच शब्दांतून तसा अर्थ काढता येत होता, जर्मन शब्द मात्र सरकारनं अधिकृतपणे केलेल्या अवमूल्यनाचा. पाच देश एका बाजूला, जर्मनी दुसऱ्या बाजूला, कोब्लेंझच्या लवादात भांडण चाललं आणि मे १९८० ला निकाल लागला, चार विरुद्ध तीन, जर्मनीच्या बाजूनं. एका शब्दावर एवढा पैसा अडकलेला. तो म्हातारा हे सांगताना बोटानं फोल्डरवर तो जर्मन शब्द लिहून दाखवत होता, 'आबव्हेर्टुंग', आणि मागं गिऱ्हाईक खोळंबलंय याची त्याला शुद्ध नव्हती. ३५ युरोतले दहा तर मी त्या बोलण्याचेच धरते.

आणि ती तारीख. १९४५ ते १९५२ या काळातलं थकलेलं व्याज लंडनमध्ये बाजूला ठेवलं होतं, जर्मनी परत एक होईल तेव्हा द्यायचं म्हणून. १९५३ ला ही अट लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना वाटलं असेल की ते होईल? ३ ऑक्टोबर १९९० ला जर्मनी एक झाला. अट जागी झाली, त्या व्याजापोटी वीस वर्षांचे नवीन बाँड काढले, आणि शेवटचा हप्ता, साधारण सात कोटी युरो, ३ ऑक्टोबर २०१० ला भरला. श्ट्रेझमानला जाऊन त्या दिवशी बरोबर ८१ वर्षं झाली होती.

आपल्याकडचं एक इथं सांगते, विषय तोच आहे. दुसऱ्या युद्धात ब्रिटननं भारतातून माल घेतला आणि सैन्याचा खर्च भारताकडून करून घेतला, पैसे रोख न देता लंडनमध्ये पौंडात जमा दाखवले, युद्ध संपेपर्यंत हे येणं सुमारे १३० कोटी पौंडांवर गेलं. इथं उपाशी पोटी राहून आपण साम्राज्याला उधार दिलं. १९४४ ला अमेरिकेत ब्रेटन वुड्सला युद्धानंतरच्या जगाची पैशाची व्यवस्था ठरवायला परिषद भरली, तिथल्या भारतीय शिष्टमंडळात आपले रोह्या-महाडकडचे सी. डी. देशमुख होते, ए. डी. श्रॉफ होते, त्यांनी तिथं हा विषय लावून धरला, निदान काही भाग तरी वापरता येईल अशा चलनात द्या म्हणून. ब्रिटन आणि अमेरिकेनं ऐकलं नाही. नंतर १९४७ आणि ४८ च्या करारांनी ते पैसे थोडेथोडे सुटले. आमच्या पिढीच्या बँकवाल्यांना देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून पाठ आहेत, पण हे भांडण किती जणांना ठाऊक आहे? त्या येण्याचा असा एखादा कागद बाजारात मिळाला असता तर मी या बाँडशेजारी लावला असता.

आता घेणाऱ्यांसाठी कामाचं.

गुंतवणूक म्हणून अजिबात घेऊ नका, हात जोडून सांगते. इंटरनेटवर हे बाँड "सोन्याची हमी असलेले, करोडोंचे" म्हणून विकणारे लोक आहेत. खरी गोष्ट अशी की तीसच्या दशकात फेड थांबल्यावर भाव पडला आणि जर्मनीनं स्वतःचेच बरेच बाँड स्वस्तात परत विकत घेऊन बर्लिनमध्ये ठेवले, रद्द न करता. १९४५ ला बर्लिन पडल्यावर ते तिजोऱ्यांतून गेले आणि बाजारात फिरायला लागले. म्हणून १९५२ ला कायदा करून प्रत्येक बाँडची छाननी लावली, अमेरिकेतल्या धारकांना तर १ जानेवारी १९४५ ला हा बाँड जर्मनीबाहेर होता हे सिद्ध करावं लागे. ती छाननी न झालेल्या बाँडवर एक पैसा मिळत नाही, अमेरिकेच्या कोर्टांनी तसे निकाल दिलेत. माझा बाँडसुद्धा तसलाच, डिसेंबर १९३९ नंतर कुणी कुपनाला किंवा छाननीला घेऊन गेलंच नाही. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त माणसाला असल्याच कागदाचे दीड लाख सांगितले होते, मी वेळेवर अडवलं.

घेताना कुपनं बघा, पूर्ण शीट असलेला घ्या, घडीच्या रेषेवर फाटलेला नको. भोकं पाडून रद्द केलेले स्वस्त मिळतात, पण मजकुरावर भोक येतं. फ्रेम तिथली घेऊ नका. माझी दिसायला छान, पण घरी येऊन उघडली तर कागद मागून साध्या चिकटपट्टीनं पुठ्ठ्याला चिकटवलेला, कडेला पिवळा डाग धरायला लागला होता. इतक्या प्रेमानं कागदाचा इतिहास सांगणाऱ्या माणसानं त्याच कागदाला चिकटपट्टी लावावी याचं मला फार वाईट वाटलं. आणि सोबत माहितीचं एक चिटोरंही नाही. बॅगेत आणताना कपड्यांच्या मध्ये सपाट ठेवा, गुंडाळून आणलात तर कुपनांच्या कडा तुटतात.

कागदाला पाचपैकी पाच, फ्रेमला एक. परवा शाहूपुरीतल्या फ्रेमवाल्याकडून बदलून घेतली, ॲसिड नसलेला पुठ्ठा आणि कागदाचेच कोपरे लावून, ८५० रुपये झाले. त्याला मुद्दाम सांगितलं की खालची पट्टी बारीक ठेव, १ डिसेंबरचं कुपन झाकलं जायला नको.